सपाट जमिनीचं मोल

न्यूयॉर्कच्या पूर्वेला, लाँग आयलंडवर, गार्डन सिटी नावाच्या उपनगरात रूझवेल्ट फील्ड हा अवाढव्य मॉल आहे. त्याच्या आजूबाजूला दुकानं, ऑफिसं, गाड्यांचे तळ आणि सहापदरी रस्ते पसरलेले आहेत. याच परिसरातून 20 मे 1927 रोजी सकाळी आठच्या सुमारास चार्ल्स लिंडबर्गनं पॅरिसच्या दिशेनं विमान उचललं. आदल्या रात्रीच्या पावसानं जमीन भिजली होती आणि विमानात साडेचारशे गॅलन पेट्रोल भरलेलं होतं. धावपट्टीच्या टोकाला असलेल्या टेलिफोनच्या तारा त्यानं जेमतेम वीस फुटांनी चुकवल्या. साडेतेहतीस तासांनी तो पॅरिसला उतरला. त्याच्या आधी काही महिने, सप्टेंबर 1926 मध्ये, फ्रेंच वैमानिक रने फाँक याचं विमान याच मैदानावर उड्डाणाच्या प्रयत्नात कोसळून पेटलं होतं आणि त्यात दोघांचा जीव गेला होता.

एवढा इतिहास घडलेली जागा मे 1951 मध्ये बंद झाली. विल्यम झेकेनडॉर्फ या बिल्डरनं ती घेतली, आय. एम. पे या तेव्हाच्या तरुण वास्तुकारानं मॉलचा आराखडा केला आणि 1956 मध्ये मॉल उघडला. लिंडबर्गच्या उड्डाणाला तेव्हा तीस वर्षंही झालेली नव्हती.

हे मैदान काही सरकारी नव्हतं. पहिल्या महायुद्धात लष्करानं ते वापरलं आणि युद्धात मारल्या गेलेल्या क्वेंटिन रूझवेल्ट या वैमानिकाचं, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्षांच्या धाकट्या मुलाचं, नाव त्याला दिलं. पुढे ते खासगी कंपनीच्या हाती गेलं. मालकाला विकावंसं वाटलं, त्यानं विकलं. अमेरिकेत गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत असंख्य छोटी विमानतळं नाहीशी झाली. त्यांतल्या बहुतेकांचा शेवट असाच झाला. फरक इतकाच की बाकीच्यांवर कुणी लिंडबर्ग आला नव्हता.

लाँग आयलंडवरच इतकी मैदानं का, याचं उत्तर जमिनीत आहे. बेटाच्या मधोमध हेम्पस्टेड प्लेन्स नावाचं हजारो एकरांचं नैसर्गिक माळरान होतं. झाडं जवळजवळ नाहीत, चढउतार नाही, पाण्याचा निचरा उत्तम. तोडायला जंगल नव्हतं आणि भरायला खड्डे नव्हते. ग्लेन कर्टिसनं 1909 मध्ये इथल्या मिनिओला गावाजवळ विमान उडवलं. 1911 मध्ये हॅरिएट क्विम्बी इथल्याच उड्डाणशाळेत शिकून परवाना मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली. विमान उतरवायला जशी जमीन लागते, नेमकी तशीच जमीन घरं बांधणाऱ्यालाही लागते: सपाट, कोरडी, मोकळी, शहराच्या जवळ आणि एकाच सातबाऱ्यावर. त्या माळरानातली मूळ गवताची जमीन आज फारच थोडी उरली आहे. नॅसॉ कम्युनिटी कॉलेजच्या आवारात तिचा 19 एकरांचा एक तुकडा राखून ठेवला आहे. गवत आणि विमानं दोन्ही एकाच कारणानं गेली.

लिंडबर्गपेक्षा मला एलिनॉर स्मिथची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ही लाँग आयलंडवरच्या फ्रीपोर्टची मुलगी. वयाच्या सहाव्या वर्षी तिनं हिक्सव्हिलजवळच्या बटाट्याच्या शेतातून पहिलं उड्डाण केलं, एका फिरत्या वैमानिकाच्या विमानात बसून. थोडे पैसे घेऊन गावोगावच्या लोकांना आकाशात फिरवून आणणारे असे वैमानिक तेव्हा शेतांतच उतरत. पुढे जवळच्या मैदानांवर ती शिकली, सोळाव्या वर्षी परवाना मिळवला आणि ऑक्टोबर 1928 मध्ये, सतरा वर्षांची असताना, ईस्ट रिव्हरवरच्या चार पुलांखालून विमान काढलं. या मुलीच्या हाताशी धावपट्टी होती. तिला राजधानीत जावं लागलं नाही, लष्करात भरती व्हावं लागलं नाही. कुस्तीत गावच्या तालमीचं जे स्थान, तेच उड्डाणात या मैदानांचं होतं. विमान जवळून बघायचं, हात लावायचा, कुणाला तरी पान्हा द्यायचा आणि एक दिवस उजव्या बाजूच्या सीटवर बसायचं.

बेटाच्या पश्चिम भागात व्हॅली स्ट्रीम इथं कर्टिस फील्ड होतं. 2 नोव्हेंबर 1929 रोजी तिथल्या एका हँगरमध्ये 26 वैमानिक स्त्रिया जमल्या. बाहेर इंजिनं धडधडत होती आणि चहा अवजारांच्या हातगाडीवरून फिरत होता. परवाना असलेल्या 117 स्त्रियांना पत्रं गेली होती. त्यांतल्या 99 जणी सभासद झाल्या, म्हणून संघटनेचं नाव ‘नाइंटी-नाइन्स’ ठरलं. ते अमेलिया इअरहार्टनं सुचवलं. ही संघटना आज जगभर काम करते. ते मैदान मात्र महामंदीत डबघाईला आलं, युद्धकाळात तिथं विमानांचा कारखाना चालला आणि पुढे त्याच जागेवर ग्रीन एकर्स मॉल उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापाशी जरा थांबायला हवं, कारण ही मैदानं का गेली याची उकल तिथं आहे. युद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी अमेरिकेनं 1944 मध्ये एक कायदा केला. बोलीभाषेत त्याला ‘जीआय बिल’ म्हणतात. शिक्षणाचा खर्च सरकार देणार, आणि त्या शिक्षणात विमान चालवण्याचे धडेही आले. परतलेले तरुण गावाबाहेरच्या मैदानांवर गर्दी करू लागले. शेतकऱ्यांनी, मेकॅनिकांनी, निवृत्त वैमानिकांनी गवत कापून पट्ट्या आखल्या, पत्र्याचे हँगर टाकले, एखाददुसरं पिवळं पायपर कब विमान घेतलं आणि शाळा सुरू केल्या. 1948 मध्ये संसदेनं निव्वळ हौसेखातर घेतल्या जाणाऱ्या उड्डाणशिक्षणाला कात्री लावली आणि त्यांतल्या कित्येक शाळांचं उत्पन्न आटलं.

त्याच कायद्यात दुसरी तरतूद होती: घरासाठी कर्ज, तेही सरकारी हमीवर. लाँग आयलंडवर लेव्हिट कंपनीनं 1947 मध्ये हिक्सव्हिलच्या शेजारच्या बटाट्याच्या शेतांत घरं बांधायला घेतली. 1951 पर्यंत तिथं 17,447 घरं झाली आणि लेव्हिटटाउन हे युद्धोत्तर अमेरिकी उपनगरांचं आद्य उदाहरण ठरलं. (ही घरं सगळ्यांसाठी नव्हती हेही सांगायला हवं. सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कुणी तिथं राहू नये अशी अट होती. काळा सैनिक त्याच युद्धात लढला होता, पण त्याला दार बंद होतं.) नॅसॉ काउंटीची लोकसंख्या 1940 मध्ये 4 लाख 6 हजार होती. 1950 मध्ये ती 6 लाख 72 हजार झाली आणि 1960 मध्ये 13 लाखांवर गेली. वीस वर्षांत तिप्पट. कायद्याच्या एका कलमानं धावपट्ट्या भरल्या आणि दुसऱ्या कलमानं त्यांच्या भोवती घरं भरली. पुष्कळदा दोन्ही कलमांचा लाभ घेणारा माणूस एकच होता. तरुणपणी त्यानं मैदानावर धडे घेतले, मग लग्न केलं, कर्ज काढलं, मुलांसाठी अंगण घेतलं. त्याला दोष कसा द्यायचा?

अशी जागा एका दिवसात बंद होत नाही. छोट्या विमानतळाच्या मालकाचं उत्पन्न तीन-चार गोष्टींचं: हँगरचं भाडं, उघड्यावर दोरानं बांधून ठेवलेल्या विमानांचं भाडं, पेट्रोल विक्रीवरचा थोडा नफा आणि शाळेची फी. शंभर एकर जमिनीवर हा धंदा म्हणजे जेमतेम पोटापाण्याचा. भोवती शेतं असतात तोवर भागतं. मग रस्ता येतो, सांडपाण्याची वाहिनी येते, शाळा येते. मालमत्ता कर अनेक ठिकाणी जमिनीचा आजचा वापर पाहून नाही, तर तिचा सर्वांत किफायतशीर वापर कोणता होऊ शकतो हे पाहून ठरतो. गवतावर बसलेल्या विमानाला घरांच्या भावानं कर भरावा लागतो.

त्यानंतर धावपट्टी आखूड होऊ लागते, आणि तीही जागेवरून न हलता. टोकाच्या पलीकडे दुमजली घर झालं, झाडं वाढली, विजेचे खांब आले की विमानाला त्यांच्यावरून येऊन पुढे उतरावं लागतं. पट्टी अडीच हजार फुटांची असली तरी उतरायला अठराशेच मिळतात. केंद्रीय विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, एखादं बांधकाम धोक्याचं आहे असं कळवू शकतं, पण ते थांबवण्याचा अधिकार त्यांना नाही. जमिनीच्या वापराचे नियम गावाच्या हातात असतात आणि गावात मतं घरवाल्यांची असतात. विम्याचा हप्ता वाढतो. आवाजाच्या तक्रारी येतात. तक्रार करणारा विमानतळानंतर वीस वर्षांनी राहायला आलेला असतो, पण त्याची झोपमोड खरीच असते. शेवटी मालक सत्तरीत येतो. मुलं दुसऱ्या राज्यात नोकरीला. बिल्डरचं पत्र दरवर्षी येतच असतं. कुठल्यातरी वर्षी ते ठेवून दिलं जात नाही, त्याला उत्तर दिलं जातं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना मोठी पिवळी फुली रंगवतात. वरून येणाऱ्या वैमानिकाला तिचा अर्थ कळतो: इथं उतरू नका.

ॲमिटीव्हिलजवळचं झान्स एअरपोर्ट असंच खासगी मैदान होतं. एकेकाळी तिथं विमानांची रीघ असायची. 1980 मध्ये ते बंद झालं आणि तिथं औद्योगिक वसाहत आली. याच सुमारास सगळ्या धंद्याचाच कणा मोडत होता. 1978 मध्ये अमेरिकेत 17,811 छोटी विमानं बनली होती. अपघातांनंतरचे नुकसानभरपाईचे खटले, इंधनाचे आणि कर्जाचे भाव यांमुळे उत्पादन कोसळत गेलं. सेस्नानं 1986 मध्ये एका इंजिनाची पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं. 1994 मध्ये देशभरात सगळी मिळून 928 विमानं बनली. त्या वर्षी खटल्यांना कालमर्यादा घालणारा कायदा आला आणि त्यानंतर सेस्नानं ही विमानं पुन्हा बनवायला घेतली. मधल्या काळात गेलेल्या जमिनी मात्र परत आल्या नाहीत. कारखाना पुन्हा सुरू करता येतो. उपनगराच्या मधोमध शंभर एकरांची सलग सपाट जमीन पुन्हा जुळवता येत नाही.

सरकारी मालकीची मैदानं टिकतात याचं एक कारण करारात आहे. केंद्राचं अनुदान घेतलं की साधारण वीस वर्षं ती जागा विमानतळ म्हणूनच चालवण्याची हमी द्यावी लागते, आणि अनुदानातून जमीनच घेतली असेल तर बंधन कायमचं असतं. हेही अभेद्य नाही. शिकागोच्या महापौरांनी 30 मार्च 2003 च्या रात्री बुलडोझर पाठवून सरोवराकाठच्या मेग्ज फील्डच्या धावपट्टीवर फुल्या खोदून टाकल्या. सोळा विमानं आत अडकली. पूर्वसूचना न दिल्याबद्दल दंड झाला 33 हजार डॉलर. पण तिथं निदान गहजब तरी झाला, खटले झाले. खासगी मालकानं पट्टी बंद केली की एफएएच्या दप्तरी एक नोंद होते आणि नकाशाच्या पुढच्या आवृत्तीतून एक छोटं वर्तुळ गळतं. तिच्यासाठी भांडायला कायद्यानं कुणाला उभंच केलेलं नाही.

न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांना हे सगळं लांबचं वाटू नये. एडिसन-ईझलिनचा ओक ट्री रोड म्हणजे किराणा, मिठाई आणि सोन्याची दुकानं. तिथून थोड्या अंतरावर, साउथ प्लेनफिल्डमध्ये 287 क्रमांकाच्या महामार्गालगत, हॅडली सेंटर नावाचं दुकानांचं संकुल आहे. तिथं हॅडली फील्ड होतं. 1 जुलै 1925 च्या रात्री न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्यातली रात्रीची नियमित विमानटपाल सेवा इथून सुरू झाली. वैमानिक उघड्या कॉकपिटात बसलेले आणि वाटेवर ठराविक अंतरावर जमिनीवरून फिरणारे दीप. मधे ॲलेगनीचे डोंगर, ज्यांच्या धुक्यात कित्येक टपालवैमानिक गेले. नेवार्कचं मोठं विमानतळ आल्यावर टपाल तिकडे गेलं, पण छोटी विमानं हॅडलीवर 1968 पर्यंत उतरत राहिली. या भागात आपली माणसं मोठ्या संख्येनं स्थायिक झाली ती त्यानंतर. आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांची टाउनहाऊस, मुलांच्या शाळा आणि शनिवारच्या खरेद्या त्या उपनगरी लाटेचाच भाग आहेत. विमानतळाचा घास घेणाऱ्यांत कुणी परका नसतो.

मैदानांच्या बाजूनं लिहिताना दुसरी बाजू दाबून ठेवणं योग्य नाही. छोट्या पिस्टन विमानांचं पेट्रोल अजूनही बहुतांशी शिसंयुक्त असतं. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाभोवती राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसं वाढलेलं असल्याचं काउंटीनं करवून घेतलेल्या अभ्यासात 2021 मध्ये दिसलं, आणि 1 जानेवारी 2022 पासून तिथं शिशाच्या पेट्रोलची विक्री बंद झाली. मुलाच्या रक्तात शिसं जात असेल तर वैमानिकाच्या हौशीचं कौतुक कुणी करू नये. पण यावरचा उपाय पेट्रोल बदलणं हा आहे. धावपट्टी उखडून तिथं घरं बांधल्यानं फक्त विमानं पुढच्या गावाच्या मुलांच्या डोक्यावर जातात.

आपल्याकडे मुंबईत जुहूची धावपट्टी आहे. 1928 मध्ये सुरू झालेली ही जागा, बॉम्बे फ्लाइंग क्लबचं घर. जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी वैमानिक परवाना क्रमांक 1 मिळाला तो याच क्लबमधल्या शिक्षणावर. 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते जुहूला उतरले. पावसाळ्यात जुहूची चिखलपट्टी पाण्याखाली जायची आणि टपालविमान पुण्याला हलवावं लागायचं. आज जुहूभोवती इमारतींची भिंत आहे, हेलिकॉप्टरं येतात-जातात, आणि क्लबचं विमानांवरचं शिक्षण धुळ्याला गेलं. विलेपार्ल्यातल्या मुलीला एलिनॉर स्मिथसारखं जवळच्या धावपट्टीवर जाऊन शिकता येणार नाही. तरीही जागा टिकली आहे, कारण ती सार्वजनिक मालकीची आहे. जुहू खासगी असतं तर तिथं काय उभं राहिलं असतं हे मुंबईकराला सांगायची गरज नाही. पुण्यात हडपसरचं ग्लायडिंग सेंटरही असंच सरकारी मालकीमुळे तगलं. विंचच्या तारेनं ओढून ग्लायडर वर काढतात ते मैदान, आणि चहूबाजूंनी सोसायट्या.

मग खासगी मैदान वाचवायचं कसं? लाँग आयलंडवर एक यशस्वी उत्तर आहे. बेपोर्ट इथली गवती धावपट्टी एका कुटुंबाची होती. 1970 च्या दशकाअखेर ती घरांखाली जाणार असं दिसू लागलं तेव्हा इस्लिप टाउननं ती विकत घेतली. पट्टी अजूनही गवताचीच आहे. जुनी विमानं जपणाऱ्या हौशी मंडळींची एक संस्था तिथली हँगरं आणि छोटं संग्रहालय सांभाळते, आणि 2008 मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेली. गावानं पैसे मोजले, ते मालकाला मिळाले आणि जमीन विमानांकडे राहिली. यात कुणावर अन्याय झाला नाही.

न्यू जर्सीत रेडिंग्टनला उलट घडलं. थोर सॉल्बर्ग हा नॉर्वेत जन्मलेला वैमानिक. 1935 मध्ये त्यानं न्यूयॉर्कहून ग्रीनलंड, आइसलंडमार्गे नॉर्वेपर्यंत विमान नेलं आणि पुढच्या काही वर्षांत रेडिंग्टनच्या शेतजमिनीत स्वतःचा विमानतळ काढला. त्याच्या मुलांनी तो चालू ठेवला. गावाला भीती होती की धावपट्टी लांबवली जाईल आणि जेट विमानं येतील. 2006 मध्ये मतदारांच्या मंजुरीनं टाउनशिपनं 2 कोटी 17 लाख डॉलरचं कर्ज उभं केलं आणि सक्तीच्या भूसंपादनाचा मार्ग धरला: विमानतळाच्या 102 एकरांचे विकासहक्क आणि भोवतीची 624 एकर जमीन. कारण सांगितलं होतं मोकळी जमीन आणि शेती राखण्याचं. कुटुंब कोर्टात गेलं. 2015 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की खरा हेतू विमानतळावर ताबा मिळवण्याचा होता. भूसंपादन रद्द झालं आणि 2017 मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. अकरा वर्षं गेली. गावाची भीती मला पटते. हजार लोकांच्या छपरांवरून जेट जावं असं कुणाला वाटेल? पण विकासहक्क विकत घेण्याची कल्पना चांगली होती आणि ती जबरदस्तीनं राबवून गावानं वाया घालवली. कुटुंबासमोर बसून, विमानतळ आहे तेवढाच राहील आणि विमानतळच राहील अशा लेखी अटीवर ते पैसे देता आले असते.

त्या निकालानं टाउनशिपला रोखलं, एवढंच. उद्या मालकानं स्वतःहून जमीन बिल्डरला द्यायची ठरवली तर त्याला अडवेल असं त्या निकालात काही नाही. ही जागा विमानांकडे राहावी असं ज्यांना वाटतं, त्या राज्यानं आणि वैमानिकांच्या संघटनांनी सॉल्बर्गसारख्या प्रत्येक मालकाकडे आत्ताच जायला हवं, त्यानं बिल्डरच्या पत्राला उत्तर लिहायच्या आधी, आणि हातात इस्लिपसारखा चेक घेऊन.